बेसमेंटमध्ये ऊब आणताना: जुन्या डक्टला नवा व्हेंट कसा जोडावा

बेसमेंटमध्ये एखादी खोली काढायचं मनात आलं की नजर आधी छताकडे जाते. डोक्यावरून पत्र्याचा मोठा डक्ट गेलेला असतो, त्यातून गरम हवा वरच्या मजल्यावर चाललेली असते आणि आपण खाली गारठत उभे असतो. याला एक भोक पाडलं की झालं, असं कुणालाही वाटेल. भोक पाडणं खरंच अर्ध्या तासाचं काम आहे. ते कुठे पाडायचं, किती मोठं पाडायचं आणि खोलीत सोडलेली हवा फर्नेसकडे परत कशी जाणार, हे ठरवायला मात्र दोन-तीन संध्याकाळी लागतात. त्या संध्याकाळी वाचवू नका.

हा लेख अमेरिका-कॅनडातल्या त्या घरांसाठी आहे जिथे फर्नेस हवा तापवतो आणि पंख्याने डक्टमधून घरभर ढकलतो. गरम पाण्याचे रेडिएटर असलेल्या घरांचं शास्त्र वेगळं, त्यांना यातलं काहीच लागू नाही.

आधी डक्ट ओळखा

फर्नेसच्या वर, गरम हवा बाहेर पडते तिथे पत्र्याची पेटी असते, तिला प्लेनम म्हणतात. प्लेनममधून चौकोनी मुख्य डक्ट निघतो, तो ट्रंक. ट्रंकपासून फुटलेले गोल पाइप म्हणजे ब्रांच. ब्रांचच्या टोकाला बूट नावाचा पत्र्याचा तुकडा गोलाचं चौकोन करतो आणि बुटावर बसते ती झडपांची जाळी म्हणजे रजिस्टर. एवढा झाला हवा पोचवायचा रस्ता, म्हणजे सप्लाय. खोल्यांमधली थंड हवा फर्नेसकडे परत आणणारा रस्ता म्हणजे रिटर्न. त्यालाही तसाच चौकोनी ट्रंक असतो, बहुतेक वेळा सप्लायच्या शेजारून समांतर गेलेला.

दोन्ही दिसायला सारखेच, त्यामुळे नवख्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. पहिल्या खेपेला मी रिटर्नच्या पत्र्यावर मोठ्या ऐटीत गोल आखून बसलो होतो. कापायच्या आधी फर्नेस चालू करून सहज हात लावला, पत्रा गार लागला, म्हणून वाचलो. ओळखायची रीत सोपी आहे: फर्नेस पाच-दहा मिनिटं चालू द्या. जो गरम होतो तो सप्लाय. जो गार राहतो आणि फिल्टरच्या बाजूने फर्नेसमध्ये शिरतो तो रिटर्न. काही घरांत रिटर्नसाठी वेगळा डक्टच नसतो. छताच्या दोन जॉइस्टमधली (म्हणजे वरचा मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांमधली) पोकळी खालून पत्रा ठोकून बंद केलेली असते आणि तीच रिटर्न म्हणून वापरतात. म्हणून छताला ठोकलेला सपाट पत्रा दिसला तर तो उगाच उचकटू नका.

ओळख पटली की मार्करने डक्टवर बाण काढून ठेवा, हवा कुठल्या दिशेने जाते त्याचे. पुढे प्रत्येक टप्प्यावर हे बाण लागतात.

व्हेंट खरंच हवाय का?

नवा व्हेंट नवी उष्णता तयार करत नाही. फर्नेस तेवढाच, पंखा तेवढाच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाली जी हवा सोडाल ती वरच्या कुठल्यातरी खोलीच्या वाट्यातून येणार. बहुतेक घरांत फर्नेस गरजेपेक्षा थोडा मोठाच बसवलेला असतो, त्यामुळे उष्णता कमी पडत नाही. कमी पडतो तो हवेचा प्रवाह.

तेव्हा आधी दोन गोष्टींकडे बघा. पहिली, गळती. अमेरिकेचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो की साध्या घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि भोकांतून वाया जाते. बेसमेंटमधले उघडे सांधे मॅस्टिकने, म्हणजे डक्ट बुजवायच्या घट्ट लेपाने, लिंपले की नव्या व्हेंटला लागणारी हवा त्यातूनच मिळू शकते. दुसरी, भिंती. पायाच्या काँक्रीटवर वरच्या मजल्याची लाकडी चौकट टेकते, तिथल्या कडेच्या फळीला रिम जॉइस्ट म्हणतात. हिवाळ्यात तिथे हात धरला तर वारा लागतो. ती फट बुजवून तिथे आणि भिंतीला इन्सुलेशन केल्याशिवाय व्हेंट लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

एवढं करूनही खोली गार राहिली तर पुढे वाचा.

किती हवा लागेल?

हवेचा प्रवाह सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट. सूत्र एकच पाठ करा: खोलीतून दर तासाला बाहेर जाणारी उष्णता बीटीयू या एककात घ्या, तिला १.०८ आणि तापमानातला फरक यांच्या गुणाकाराने भागा. फरक म्हणजे व्हेंटमधून येणारी हवा आणि खोलीतली हवा यांच्यामधला, फॅरेनहाइटमध्ये.

उदाहरण घेऊ. खोलीला तासाला ४,००० बीटीयू हवेत. व्हेंटमधून १२० अंशांची हवा येते, खोली ७० वर ठेवायची आहे. फरक ५०. १.०८ गुणिले ५० म्हणजे ५४. ४,००० भागिले ५४, उत्तर साधारण ७४ सीएफएम.

खोलीला किती बीटीयू लागतील हे काढायची मान्य पद्धत म्हणजे एसीसीए या अमेरिकेतल्या वातानुकूलन कंत्राटदारांच्या संघटनेचं ‘मॅन्युअल जे’, आणि डक्टचे आकार ठरवायचं ‘मॅन्युअल डी’. मॅन्युअल जेवर चालणारी सोपी गणकयंत्रं इंटरनेटवर मिळतात. भिंतींचं क्षेत्रफळ, जमिनीवर उघडी असलेली भिंतीची उंची, खिडक्या आणि इन्सुलेशन एवढं भरलं की आकडा मिळतो. चौरस फुटाला अमुक बीटीयू असा ठोकताळा बेसमेंटला लावू नका. अर्धी भिंत मातीत असते, आणि वरच्या मजल्याचा हिशोब इथे नेहमी फुगून येतो.

आता पाइप. पत्र्याचा ६ इंची गोल पाइप नीट आखलेल्या व्यवस्थेत सुमारे १०० सीएफएम हवा नेतो, ५ इंची सुमारे ६०. हे कागदावरचे आकडे. जुन्या ट्रंकला नंतर जोडलेल्या, दोन-तीन वळणं घेतलेल्या पाइपकडून मी ६ इंचीला ७०-७५ च्या वर अपेक्षा ठेवत नाही. वरच्या उदाहरणातल्या खोलीला एक ६ इंची ब्रांच जेमतेम पुरेल, खोली लांबट असेल तर दोन घ्या. ५ इंची पाइप स्वस्त आणि लपवायला सोपा म्हणून मोह होतो, पण व्यासात एकच इंच वाढला तरी छेदाचं क्षेत्रफळ जवळपास ४४ टक्क्यांनी वाढतं. जागा असेल तर ६ इंचीच घ्या आणि डँपरने, म्हणजे पाइपमधली हवा कमी-जास्त करायच्या झडपेने, आवळा. लहान पाइप मागाहून मोठा करता येत नाही.

एक-दोन ब्रांच बहुतेक व्यवस्था निमूट सोसतात. तीन-चार खोल्यांचं बेसमेंट सजवायचं असेल तर मात्र सोनारानेच कान टोचावेत. एचव्हीएसीवाल्याला, म्हणजे हीटिंग-एसीच्या तंत्रज्ञाला, बोलावून आधी स्टॅटिक प्रेशर मोजून घ्या. पंख्याला किती दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते ते यातून कळतं. घरगुती फर्नेस बहुधा ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात. मीटरने आधीच त्याच्या बराच वर आकडा दाखवला तर तुमचा पंखा दमलेला आहे, आणि दोष बहुतेक वेळा अपुऱ्या रिटर्नमध्ये किंवा कोंदलेल्या फिल्टरमध्ये सापडतो.

परतीची वाट

लोक हाच भाग विसरतात, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

खोलीत ७५ सीएफएम हवा सोडली तर ७५ सीएफएम बाहेर जायला हवी. दार बंद आणि परतीची वाट नाही, तर खोली फुगलेल्या फुग्यासारखी होते. व्हेंटमधून हवा येणंच मंदावतं आणि मग लोक म्हणतात, व्हेंट लावला पण काही उपयोग नाही. जिना उघडा असलेलं एकच मोकळं दालन असेल तर हवा जिन्यातून वर जाऊन तिथल्या रिटर्नला मिळते, काम भागतं. दार लावून घ्यायची खोली असेल तर निदान दाराखाली इंचभर फट, त्याहून चांगली म्हणजे भिंतीत आरपार जाळी, आणि सगळ्यात चांगला म्हणजे बेसमेंटचा स्वतःचा रिटर्न.

रिटर्नची जाळी जमिनीलगत लावा. गरम हवा छताशी साठते, थंड हवा फरशीवर साचते, ती थंड हवाच ओढून न्यायची आहे. सप्लाय आणि रिटर्न शेजारी-शेजारी नकोत, नाहीतर आलेली गरम हवा खोली न फिरता सरळ परत जाईल.

आता धोक्याची गोष्ट, आणि इथे ‘चालतं हो’ अजिबात चालत नाही. फर्नेस किंवा पाणी तापवायची गॅसची टाकी ज्या खोलीत आहे तिथे रिटर्नचं भोक कधीही पाडू नका. टाकीच्या माथ्यावर छत्रीसारखी उघडी झाकणी दिसत असेल तर तिचा धूर केवळ गरम म्हणून वर जातो, त्याला ढकलणारं कोणी नसतं. जवळच रिटर्नने ओढ लावली की तोच धूर उलटा फिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड डक्टमधून थेट झोपायच्या खोल्यांत पोचतो, आणि त्याला ना रंग ना वास. अमेरिकेतली निवासी बांधकामाची नमुना संहिता उघड्या ज्वलनाच्या उपकरणापासून १० फुटांच्या आत रिटर्नला मनाई करते. स्नानगृह, स्वयंपाकघर आणि गॅरेज यांतूनही रिटर्न घेऊ नये. गॅरेजमध्ये तर सप्लायही सोडत नाहीत.

याच कारणाने आणखी एक नियम: सप्लाय न देता नुसता रिटर्न कधीच नको. त्याने बेसमेंटमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. धूर उलटा येण्याची शक्यता वाढतेच, शिवाय जमिनीतला रेडॉन वायू फरशीच्या भेगांतून जास्त ओढला जातो. दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर सप्लाय लावा. बेसमेंट राहण्यासाठी वापरणार असाल तर रेडॉनची चाचणीही करून घ्या. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आढळलं तर उपाय करा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते.

कापण्याआधी

परवाना लागतो का, हे नगरपालिकेच्या बांधकाम खात्याला विचारा. बऱ्याच गावांत डक्ट वाढवायला परवाना लागतो. परवान्याचा कंटाळा करू नका, तपासायला येणारा माणूस तुमच्या चुका फुकटात दाखवतो.

घर १९८० च्या आधीचं असेल आणि डक्टच्या सांध्यांवर पांढरट-करडी, कागदासारखी पट्टी चिकटवलेली दिसली तर हात लावू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती खरवडणं, ओढणं, कापणं सगळंच वर्ज्य. नमुना तपासून येईपर्यंत काम थांबवा.

मग जागा निवडा. ट्रंक फर्नेसपासून दूर जाताना एखाद-दोन ठिकाणी अरुंद होत जातो. नवा फाटा शक्यतो अरुंद होण्याच्या आधीच्या भागात घ्या. अरुंद झालेला तुकडा पुढच्या ब्रांचच्या हिशोबाने बेतलेला असतो, त्यात आणखी वाटेकरी घातला की शेवटची खोली उपाशी राहते. ट्रंकच्या बंद टोकापासून दीड-दोन फूट अंतर ठेवा, अरुंद होणाऱ्या जागेपासूनही तेवढंच. प्लेनमवर थेट भोक नको. भोक बाजूच्या किंवा वरच्या पत्र्यात पाडा. खालच्या पत्र्यात पाडलं तर डोक्याला लागेल इतका पाइप खाली येतो.

कापायच्या जागेमागे काय आहे तेही बघा. ट्रंकच्या वर आणि बाजूला गॅसचा काळा लोखंडी पाइप, पाण्याचे नळ, विजेच्या तारा दडलेल्या असतात.

एक सोपी पळवाटही सांगतो, कारण शेजारी कुणीतरी ती सुचवणारच. ट्रंकच्या पोटाला सरळ चौकोन कापायचा आणि त्यावर जाळी बसवायची. पाइप नको, वळण नको. कामही पंधरा मिनिटांत होतं. पण फर्नेसच्या जवळच्या या भोकाला काही अडथळाच नसल्याने ते भसाभस हवा ओढतं, वरच्या खोल्या गार पडतात, आवाज येतो तो वेगळाच. अडगळीच्या खोलीला ठीक आहे, बसायच्या खोलीला नाही.

सामान

६ इंची गॅल्व्हनाइज्ड पाइप, फिरवून कोन बदलता येणारे एल्बो (वळणाचे तुकडे), दातेरी कडेचा कॉलर (याला टेकऑफ म्हणतात), हाताने फिरवायचा डँपर, बूट, रजिस्टर, अर्धा इंची आठ नंबरचे पत्र्याचे स्क्रू, टांगायला पत्र्याची पट्टी, मॅस्टिकचा डबा आणि यूएल १८१ हा मानक क्रमांक छापलेली फॉइल टेप. हत्यारांत पत्रा कापायच्या कात्र्या दोन: लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे. ड्रिल, मार्कर, चष्मा आणि जाड हातमोजे. हातमोजे घालाच. कापलेला पत्रा ब्लेडपेक्षा कमी नसतो.

कापडी ‘डक्ट टेप’ मात्र नाव डक्टचं असूनही डक्टला लावू नका. १९९८ साली लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने डक्ट बुजवायची तऱ्हेतऱ्हेची साधनं तापवून-थंड करून पाहिली, तेव्हा साफ नापास झाली ती हीच. उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि दोन-चार हिवाळ्यांत ती सालीसारखी सुटते. कपडे वाळवायच्या यंत्रामागे लावतात तो पातळ फॉइलचा चुरगळणारा पाइपही इथे नको. इन्सुलेशनवाला लवचिक (फ्लेक्स) पाइप चालतो, पण शेवटच्या चार-पाच फुटांपुरता, आणि ताणून सरळ केलेला. सैल सोडलेला फ्लेक्स आतून सुरकुततो आणि निम्मी हवा तिथेच अडते.

भोक आणि कॉलर

१. थर्मोस्टॅट बंद करा. फर्नेसजवळचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही पाडा. पत्रा गार होऊ द्या.

२. कॉलरचं दातेरी तोंड पत्र्यावर टेकवून आतल्या बाजूने गोल आखा. ट्रंकची उंची ८ इंच असेल तर ६ इंची कॉलरला वर-खाली इंच-इंच उरतो, नेमका मध्यभागी धरा.

३. गोलाच्या मध्यभागी ड्रिलने भोक पाडून कात्री आत घाला आणि गोगलगायीच्या शंखासारखं फिरत-फिरत रेषेपर्यंत या. रेषेवरून नाही, रेषेच्या किंचित आतून कापा. भोक लहान झालं तर वाढवता येतं. मोठं झालं तर पत्र्याचं ठिगळ लावावं लागतं, आणि ते आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहतं.

४. कापलेली चकती आत पडू देऊ नका. पडलेले बारीक कण व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर पंखा सुरू झाला की व्हेंटमधून खडखड ऐकू येईल.

५. कॉलर आत घाला आणि दाते एकेक करून आतून बाहेरच्या दिशेला पत्र्यावर दुमडा. आत हात घालून करायचं काम आहे, सावकाश करा. तीन-चार स्क्रू मारा आणि सांध्याभोवती मॅस्टिकचा जाड थर द्या, पत्रा दिसेनासा होईल इतका.

कॉलरला लागूनच डँपर बसवा, खोलीच्या टोकाशी नाही. खोलीजवळ हवा अडवली की शिट्टीसारखा आवाज येतो. आणि डँपरची मूठ हाताला येईल अशी ठेवा. पुढे जिप्समचं छत लावणार असाल तर तिथे उघडता येणारी झडप सोडा. छताच्या आत गाडलेला डँपर नसल्यातच जमा.

पाइप नेताना

गोल पाइपचं एक टोक चुण्या घातलेलं, म्हणजे किंचित बारीक असतं. हे बारीक टोक हवेच्या दिशेने पुढे, फर्नेसपासून लांब. तुमचे बाण इथे कामी येतात. उलटं जोडलं तर प्रत्येक सांध्यावर हवा पत्र्याच्या कडेवर आपटते आणि फटीतून बाहेर पडते. सांधा निदान इंचभर एकमेकांत शिरलेला हवा, भोवती समान अंतरावर तीन स्क्रू आणि वर मॅस्टिक किंवा फॉइल टेप. पाइपची लांब शिवण खटकन बसवायची असते. तीही टेपने बुजवा, ती गळतेच.

वळणं कमीत कमी. प्रत्येक काटकोन कित्येक फूट सरळ पाइपाइतका हवेला अडवतो. दोन काटकोनांऐवजी दोन पंचेचाळिशी वळणं जमत असतील तर ती घ्या.

आणि जॉइस्ट कापू नका. छताचं लाकूड कापून पाइप आडवा नेण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. साध्या जॉइस्टमधल्या भोकाचा व्यास त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नसावा आणि भोक वरच्या-खालच्या कडेपासून २ इंच आत असावं, असा नियम आहे. २×१० च्या जॉइस्टची खरी उंची सव्वानऊ इंच, म्हणजे भोक फार तर तीन इंचांचं. ६ इंची पाइप त्यातून जाणारच नाही. म्हणून पाइप दोन जॉइस्टमधल्या पोकळीतून त्यांना समांतर न्या. आडवा न्यायचाच असेल तर जॉइस्टच्या खालून न्या आणि त्याभोवती लाकडी चौकट करून झाका. इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराचे कारखान्यात बनलेले जॉइस्ट असतील तर त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला खाचही पाडू नका. मधल्या फळीत भोक कुठे आणि किती चालेल ते बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं.

पत्र्याच्या पाइपला १० फुटांच्या आत टांगणी लागते. मी पाच-सहा फुटांवर देतो, सांधा झोळ खात नाही.

व्हेंट छतात की खाली?

छतात सोपं, खाली उत्तम. गरम हवा मुळात वर राहू पाहते. छतातून सोडली तर छताशीच लोळते आणि पाय गार राहतात. पसंतीची जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीलगत, खिडकीखाली, फरशीपासून वीतभर वर. त्यासाठी पाइप भिंतीच्या पोकळीतून खाली आणावा लागतो. ६ इंची गोल पाइप चार इंची भिंतीत मावत नाही, म्हणून सव्वातीन × १० इंचांचा चपटा डक्ट मिळतो, त्याला वॉल स्टॅक म्हणतात. भिंत अजून उघडी असेल तर हे काम आत्ताच करा. भिंत झाकून झाली असेल तर छतातला व्हेंट घ्या, पण रजिस्टरची पाती खिडकीच्या भिंतीकडे वळवा आणि रिटर्न मात्र खालीच ठेवा. खाली रिटर्न असेल तर छतातला व्हेंटही बरं काम करतो.

बूट लाकडाला स्क्रूने घट्ट बसवा. बूट आणि जिप्समबोर्ड यांच्यातली फट बुजवा. रजिस्टर घेताना एक लक्षात ठेवा: ४×१० हे माप भोकाचं असतं, बाहेर दिसणाऱ्या चौकटीचं नाही. दुकानात चौकट मोजून उचललेलं रजिस्टर परत करायला जाणारे खूप भेटतात.

रिटर्न जोडायची रीत हीच, फक्त पाइप सप्लायपेक्षा एक आकार मोठा घ्या आणि बारीक टोकाची दिशा उलटी, कारण इथे हवा फर्नेसकडे जाते. डँपर याही फाट्याला द्या.

चालू करून बघा

विजेची बटणं पूर्ववत करा, फिल्टर नवा घाला आणि फर्नेस पंधरा मिनिटं चालू द्या. ओलं बोट प्रत्येक सांध्याभोवती फिरवून गळती शोधा.

नंतर थर्मामीटर. फर्नेसजवळ रिटर्नमधलं आणि सप्लायमधलं तापमान मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टेंपरेचर राइज. फर्नेसच्या पाटीवर त्याची हद्द छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश. फरक हद्दीच्या वर गेला तर फर्नेसमधून पुरेशी हवा वाहत नाही. तो आतून जास्त तापेल आणि सुरक्षेचा लिमिट स्विच त्याला पुन्हा-पुन्हा बंद करेल. अशा वेळी फिल्टर, बंद डँपर आणि रिटर्न या क्रमाने तपासा.

गॅसची उघड्या झाकणीची टाकी असेल तर ही चाचणी चुकवू नका. खिडक्या-दारं लावा. स्नानगृहाचे पंखे, स्वयंपाकघरातला हूड, कपडे वाळवायचं यंत्र आणि फर्नेसचा पंखा, सगळं एकदम चालू करा. मग टाकी पेटवा आणि पाच मिनिटांनी झाकणीच्या कडेशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर उलटला तर टाकी तत्काळ बंद करा, नवा रिटर्न झाकून टाका आणि जाणकाराला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांबाहेर असायलाच हवा, चाचणी पार पडली तरी.

राहिला समतोल. नवा डँपर आधी अर्धा उघडा ठेवा आणि एक दिवस जाऊ द्या. वरच्या सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन बघा, ती गार पडली असेल तर डँपर थोडा आवळा. बेसमेंट गार असेल तर थोडा सोडा. एका वेळी एकच डँपर हलवा आणि निदान काही तास थांबा. थर्मोस्टॅट वर असतो, त्याला खालची खबर नसते, हे गृहीत धरूनच जुळवायचं. बेसमेंटचं तापमान वेगळं ठेवायचं असेल तर मोटरवरचे डँपर आणि दुसरा थर्मोस्टॅट घालून झोन करावा लागतो. एकाच खोलीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा मिनी-स्प्लिट (डक्टशिवाय चालणारा भिंतीवरचा एसी-हीटर) किंवा विजेचा बेसबोर्ड हीटर बरा पडतो.

उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची थंड हवा येते. बेसमेंट आधीच गार असतं, त्यात आणखी थंडावा ओतला की दमट वास येऊ लागतो. तेव्हा डँपर जवळपास मिटून घ्या. हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची मूठ कुठे असावी ते एकदा जमलं की मार्करने पाइपवरच दोन रेघा ओढा, एकीवर ‘हि’, दुसरीवर ‘उ’.